एका अक्षराला एक णमोकार

‘मालन’ एवढं नाव टाइप करायला मला चार णमोकार लागले.

म दाबला आणि मनातल्या मनात मंत्र सुरू केला. पाच पदं संपत आली तेव्हा कुठं पडद्यावर म उमटला. मग काना. मग ल. मग न. रोज एकशे आठ णमोकार म्हणायचा माझा नेम आहे. एरवी तो पुरा व्हायला संध्याकाळ व्हायची. त्या आठवड्यात शाळेच्या ऑफिसात बसल्या बसल्या दुपारच्या आत होत होता.

“झालं?” निंबाळकरबाईंनी विचारलं. त्या आमच्या कन्याशाळेच्या मुख्याध्यापिका आणि मी तिथली क्लार्क. माझ्या खुर्चीमागं उभ्या राहून त्या मेमो सांगत होत्या.

“नाव झालं.”

“मोठ्यानं बोला हो, मगदूमबाई. शेजारी उभी आहे तरी ऐकू येत नाही.”

“नाव झालं, बाई.”

“मग पुढं घ्या. ‘आपण कार्यालयातील टेबलावर बसून खाता. त्यामुळे संगणकास मुंग्या लागून शाळेचे काम खोळंबले आहे. याचा लेखी खुलासा द्यावा.’”

टेबलाच्या पायावरून मुंग्यांची एक बारीक ओळ वर चढत होती आणि कॉम्प्युटरच्या उभ्या डब्यामागं जाऊन नाहीशी होत होती. ती ओळ आदल्या दिवशी मीच बाईंना दाखवली होती. दाखवताना म्हणाले होते, “मालन इथं बसून भाकरी खाते ना.” एवढंच, नेहमीच्या हळू आवाजात. तेवढं मात्र बाईंना स्वच्छ ऐकू गेलं होतं.

मालन सनदी आमची शिपाई. नऊ वर्षं रोजंदारीवर होती. तिला कायम करायची फाइल दिवाळीनंतर संस्थेकडं जायची होती. फाइलीत मेमो असला की काय होतं, हे तिलाही माहीत होतं आणि मलाही. ती दारातच उभी होती, हातात पाण्याची कळशी घेऊन.

“बाई,” ती मला म्हणाली, “मागल्या म्हैन्यात तुमी क्षमा मागाय आला हुता. ह्या म्हैन्यात मेमो व्हय?”

भाद्रपदात आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व संपलं की क्षमावाणीचा दिवस असतो. वर्षभरात कळत नकळत दुखावलं असेल तर क्षमा करा, असं भेटेल त्याला म्हणायचं. मी दरवर्षी सगळ्या शाळेला म्हणते. मालनलाही म्हटलं होतं. तेव्हा ती हसून म्हणाली होती, “तुमी काय करताय वो कुणाचं?”

मी मान खाली घालून पुढचं अक्षर दाबलं.

याला आता तेरा वर्षं झाली. पण तो गुरुवार मला तासातासानं आठवतो, कारण आमच्याकडं तास मोजूनच उरले होते. त्या वर्षी पहिल्यांदाच दहावीचे अर्ज कॉम्प्युटरवर भरायचे होते. त्यासाठी शाळेला एक प्रोग्राम मिळाला होता. तो ज्या मशिनवर बसवला त्याच मशिनवर चालायचा. सगळे अर्ज भरून त्यांची सीडी शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत सांगलीला पोचवायची होती. ती पोचली नाही, तर आमच्या मुली मार्चच्या परीक्षेला बसणार नव्हत्या. मुली होत्या एकशे अठरा. गुरुवारी दुपारपर्यंत अर्ज झाले होते एकेचाळीस, आणि एका अर्जाला पाऊण तास लागत होता.

“कुणीतरी जाणकार बोलवा,” बाई म्हणाल्या. “नाही तर तुमचे ते मंत्र म्हणून त्याला पळवा.”

मी वही काढली. कॉम्प्युटरमधलं मला काही कळत नव्हतं, पण नेमाच्या माणसाला वेळ बघायची सवय असते. सकाळी सातला देवळातून तशीच शाळेत येऊन मशिन सुरू केलं की पहिली पंधरा मिनिटं अक्षर लगेच उमटायचं. साडेसातला निम्मा णमोकार. नऊला पूर्ण. दुपारी दीड णमोकार. चार दिवस मी हे लिहून ठेवलं होतं. मिरजेच्या दस्तगीरभाईंना फोन लावला आणि वाचून दाखवलं. दस्तगीरभाई पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे, मग टीव्ही, आणि आता कॉम्प्युटर.

“काय मोजलंय म्हणता?” ते म्हणाले.

“मंत्र. एक साधारण वीस सेकंदांचा.”

“ताई, माझी गिऱ्हाइकं नुसतं ‘बिघडलाय’ म्हणतात. तुम्ही तर नाडी बघून ठेवलीत. तापतोय तो. आतला पंखा अडकलाय. तापला की जपून चालतो, माणसासारखा. आता बंद करा आणि हात लावू नका. उद्या येतो.”

“भरलेले अर्ज जातील का?”

“काही जात नाहीत. आज मात्र राहू दे त्याला थंड.”

मी बंद केला. बाईंनी ते पाहिलं आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं.

शुक्रवारी साडेदहाला दस्तगीरभाई मोपेडवरून आले. पन्नाशीचे, पांढरी टोपी, खांद्याला पत्र्याची पेटी. मशिनच्या कपाळावर मी दहा दिवसांपूर्वी खंडेनवमीला लावलेलं गंध अजून तसंच होतं. त्यांनी ते जपून, पुसू न देता डबा आडवा केला आणि बाजूचा पत्रा काढला.

सगळेच वाकून बघायला लागलो.

मधोमध पंखा होता. त्याच्या पात्यांभोवती आणि खालच्या ॲल्युमिनियमच्या फटींत मातीचं घर झालं होतं. काळ्या बारीक मुंग्या. उजेड पडताच सगळं घर हललं. शेकडो मुंग्या तोंडात पांढरी अंडी धरून सैरावैरा धावायला लागल्या.

“ऊब मिळाली यांना,” दस्तगीरभाई म्हणाले. “पाहुण्या म्हणून आल्या आणि बाळंतपण करून बसल्या.” त्यांनी पेटीतून हवेचा ब्लोअर काढला. “पाच मिनिटांचं काम. आधी औषध फवारतो, मग हवा मारतो. बाराला तुम्ही टायपिंगला बसा.”

“थांबा,” मी म्हटलं.

त्यांना ऐकू गेलं नाही. ते प्लग शोधत होते. मी उठले आणि प्लगावर हात ठेवला.

“दस्तगीरभाई, थांबा.”

“काय झालं?”

“त्यांना मारायचं नाही.”

निंबाळकरबाई खुर्चीतून उठल्या. “मगदूमबाई, सत्त्याहत्तर अर्ज राहिलेत. उद्या पाचला दार बंद होतं. मूठभर मुंग्यांसाठी सत्त्याहत्तर मुली घरी बसवू मी?”

“नाही, बाई.”

“मग?”

“दोन्ही.”

“दोन्ही काय?”

“दोन्ही व्हायला पाहिजे. मुंग्या बाहेर काढते. अर्जही भरते.”

“अहो, तुमचा नेम तुमच्या घरी. ही शाळा आहे.”

“घरी एक आणि शाळेत एक, असा नेम मला येत नाही,” मी म्हटलं. एवढं सलग मी त्यांच्याशी कधी बोलले नव्हते. “मला थोडा वेळ द्या. नाही जमलं, तर मी बाजूला होते. तुम्ही सांगाल तसं करा.”

बाईंनी दस्तगीरभाईंकडं बघितलं. त्यांनी घड्याळ बघितलं.

“आज जुम्मा आहे,” ते म्हणाले. “मी इथल्या मशिदीत नमाज पढून, मेहुण्याकडं जेवून तीनला येतो. तोपर्यंत तुमच्या पाहुण्या गेल्या तर चांगलंच. नाही गेल्या, तर मी हवा मारणार. चालेल?”

“चालेल.”

“तीन म्हणजे तीन, ताई. मंत्रावर नाही, घड्याळावर.”

माझ्या आईकडं गुळाच्या डब्याला मुंग्या लागल्या की ती डबा झटकायची नाही. डबा उजेडात ठेवायची आणि शेजारी अंधार. मुंगीला अंडी अंधारात, ओलाव्यात लागतात. तिला हाकलावं लागत नाही, दुसरं बरं घर दाखवावं लागतं. मी मालनला हाक मारली.

“खिचडीच्या खोलीत नारळाच्या करवंट्या आहेत का?”

“हायत की. कशाला?”

“एक आण. आणि कुंडीतली ओली माती.”

मशिन खिडकीपाशी नेलं. ऊन अंगावर येणार नाही पण उजेड भरपूर पडेल, असं ठेवलं. करवंटीत ओली माती घातली, चिमूटभर साखर घातली आणि वरून चित्रकलेच्या तासाचा काळा कागद झाकला. मशिनपासून करवंटीपर्यंत लाकडी फूटपट्टी पुलासारखी टेकवली. मग स्टूल घेऊन शेजारी बसले.

पाऊण तास काही झालं नाही. मुंग्या अंडी घेऊन पंख्याच्या एका पात्याआडून दुसऱ्या पात्याआड जात होत्या. बाई दर दहा मिनिटांनी दारात येऊन बघून जात होत्या. मालन झाडू घेऊन आत आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

“बाई, मुंग्यास्नी बी मेमो द्या. लेखी खुलासा मागा, का बसलाय म्हणून.”

मी पट्टीकडंच बघत राहिले.

“आणि माझ्या मेमोत नाव नीट लिवलंय न्हवं? मालन. न्हाईतर त्या खालच्या गल्लीतल्या मालूला जायचा.”

“मालन, अगं…”

“तुमास्नी न्हाई म्हणत मी. तुमी आपलं सांगतील ते टायपताय.” तिनं आवाज खाली आणला. “आमच्या प्रियांकाचा अर्ज झाला का वो?”

अर्ज आडनावांच्या क्रमानं चालले होते. ‘सनदी’ अगदी शेवटी होतं.

“उद्या होईल,” मी म्हटलं.

“ह्या बाया निघाल्या तर.”

बारा वाजून गेले. चातुर्मासात माझं एकाशन असतं. दिवसातून एकदा, साडेअकरा ते बाराच्या आत जेवायचं, पाणीही तेव्हाच. वेळ गेली की दुसऱ्या दिवशी. डबा कपाटात होता. मी उठले असते आणि तेवढ्यात पट्टी सरकली असती, तर सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं.

“बाई, तुमची येळ गेली की,” मालन म्हणाली.

“गेली.”

ती झाडू घेऊन निघून गेली.

साधारण साडेबाराला एक मुंगी पट्टीवर आली. मोकळीच होती. काळ्या कागदाखाली शिरली आणि बराच वेळ बाहेर आलीच नाही. मग आली, परत गेली, आणि मशिनमध्ये जाऊन दिसेनाशी झाली. दहा मिनिटांनी तिच्यामागं आठ-दहा निघाल्या. पहिल्या अंड्यानं पट्टी ओलांडली तेव्हा एकला पाच कमी होती. त्यानंतर ओळ तुटलीच नाही. एक जाणारी, एक येणारी, पट्टीच्या इंचांच्या खुणांवरून सगळी वरात चालली होती. मी श्वाससुद्धा हळू घेत होते.

दीडच्या सुमारास अंडी कमी झाली आणि मुंग्या दुसरं काहीतरी ओढून आणायला लागल्या. त्यांच्याहून मोठं. चौघी मिळून एक ओढत होत्या. मला वाटलं, भाकरीचा तुकडा. बाईंना दाखवता येईल, असंही मनात आलं. मी वाकून बघितलं.

तांदूळ होता. पिवळा.

त्याच्यामागं दुसरा. तिसरा अर्धा खाल्लेला.

आमच्या पूजेत मी फूल तोडत नाही. फुलात जीव असतो. फुलाच्या जागी केशरानं पिवळे केलेले तांदूळ वाहते. त्याची पितळी डबी रोज माझ्या पिशवीत असते, त्या दिवशीही होती. शाळेतली खंडेनवमीची पूजा बाईंनी माझ्याकडं दिली होती. हे मशिन आल्यापासून सहा वर्षं मी त्याला गंध लावत होते आणि मग ओंजळभर पिवळे तांदूळ त्याच्या मस्तकावर वाहत होते. मस्तकावर जाळी होती. वाहिलेले तांदूळ जातात कुठं, असा विचार मला सहा वर्षांत एकदाही आला नव्हता.

मी पट्टीच्या कडेचे तीन दाणे उचलले आणि मूठ मिटली.

ऑफिसात कोणी नव्हतं. मुंग्यांनी ओढून आणलेले आणखी दहा-बारा दाणे असतील, तेही उचलता आले असते. आत पंख्याखाली काय असेल ते दस्तगीरभाई ब्रशनं झाडतील, त्यांना ते धान्याचं काहीतरी वाटेल. खुलासा मालननं द्यायचा होता. माझ्याकडं कोणी मागितला नव्हता. तीन वाजेपर्यंत मी ती मूठ मांडीवर ठेवून बसले. त्या दीड तासात एकही णमोकार म्हटला गेला नाही.

तीनला पाच मिनिटं असताना दस्तगीरभाई आले. पाठोपाठ बाई. मालन चहाचे पेले घेऊन आली.

त्यांनी वाकून आत बघितलं. चार-दोन चुकार मुंग्या सोडल्या, तर मातीचं रिकामं घर उरलं होतं.

“या अल्ला,” ते हळूच म्हणाले. “गेल्या की खरंच.” त्यांनी ब्लोअरला हात लावला नाही. पेटीतून एक बारीक ब्रश काढला. “माझे चुलते सतारीवर नक्षी काढतात, त्यांचा आहे. एकेक उचलतो. मोडणार नाही कुणी.”

“केस कसले आहेत त्याचे?”

“ते आता विचारू नका, ताई.”

माती झाडली, पंखा सोडवला, त्याखालचा भाग उचलला. आणि त्यांनी चिमट्यानं काहीतरी काढून तळहातावर घेतलं. मग आणखी. तळहात भरला.

“तांदूळ? इथं कुठनं आले?”

“बघा,” बाई म्हणाल्या. “म्हणून सांगत होते. मालन, तू भात पण खातेस इथं?”

मालननं चहाचे पेले खाली ठेवले. “न्हाई वो बाई, देवाशपथ. मी भाकरीच…”

“माझे आहेत,” मी म्हटलं.

“काय?”

बाईंना ऐकू गेलं नव्हतं. मी उठले, मूठ त्यांच्यासमोर उघडली, आणि जन्मात कधी बोलले नाही एवढ्या मोठ्यानं म्हणाले, “माझे आहेत. पूजेचे. दर खंडेनवमीला मीच वरून वाहत होते. मालननं काही केलेलं नाही. मालनचं नाव मी उगाच घेतलं.”

शेजारच्या वर्गातल्या मुली खिडकीतून बघायला लागल्या.

दस्तगीरभाईंनी तळहातावरचे दाणे माझ्या मुठीतल्या दाण्यांशी ताडून बघितले. बाई बसल्या. पहिल्यांदा बोलली ती मालन.

“म्हंजी अक्षता दिऊन बोलावलं की वो तुमी त्यास्नी. आणि मी म्हणती, आल्या कशा.”

दस्तगीरभाईंना हसू आवरेना. बाईंनी तोंडाला पदर लावला. मी मात्र उभीच राहिले.

पंख्याला तेलाचा थेंब, खाली उष्णता ओढून घेणारं नवं मलम, पत्रा बंद. चारला मशिन सुरू झालं. मी ‘अ’ दाबला आणि सवयीनं मंत्र सुरू केला. पहिलं पद निम्मं होण्याआधीच अक्षर समोर उभं होतं. त्या संध्याकाळी साडेसातपर्यंत एकतीस अर्ज झाले. शनिवारी सकाळी सातला परत बसले. नऊ वाजले, दहा वाजले, अक्षरं थकली नाहीत. करवंटी मालननं शाळेमागच्या शेवग्याखाली नेऊन ठेवली होती. एकाला दहा मिनिटं कमी असताना शेवटचा अर्ज भरला. सनदी प्रियांका मारुती. सीडी केली. सांगलीची एस.टी. दीडची होती.

मग मी मेमोची फाइल उघडली. तो अजून छापलेला नव्हता. शेवटच्या शब्दापासून एकेक अक्षर खोडत मागं गेले. ‘द्यावा’ गेलं, ‘खुलासा’ गेलं, ‘मुंग्या’ गेल्या. न, ल, काना, म. पाटी कोरी झाली.

मागं वळले तर मालन दारात होती. हातात माझाच स्टीलचा डबा.

“तुमच्या सासूबाईंकडनं आणलाय. माझ्या घरचा न्हाई, भिऊ नका. पाणी बी त्यांनीच गाळून दिलंय. आज उशीर झाला तर चालंल, असं म्हणाल्या.”

गुरुवारी दुपारनंतर माझ्या पोटात काही नव्हतं, हे मला तेव्हा आठवलं.

“मालन,” मी म्हटलं, “मला क्षमा कर.”

“आत्ता गं बाई. ते मागल्या म्हैन्यात झालं की.”

“मागच्या महिन्यात नुसतं म्हटलं होतं. आज मागते आहे.”

तिनं टेबलावरची सीडी बाजूला सारली, पदरानं जागा पुसली आणि डबा उघडून माझ्यासमोर ठेवला.

“तुझी भाकरी कुठाय?” मी विचारलं.

“भाईर पायरीवर.”

“आण. इथं बस.”

तिनं खिडकीतून बाईंच्या खोलीकडं बघितलं. मग भाकरी घेऊन आली आणि माझ्यासमोर बसली. मी पहिला घास उचलला, तेव्हा तिनं माझ्या हाताखाली आपला तळहात धरला.

“सांडू नका, म्हंजी झालं.”